आईची कबर

स्लेटी फोर्क, केंटकी
१२ मे १९७४

प्रिय ओर्फा,

नॅशव्हिलमध्ये तुला स्टार्ला म्हणतात, म्हणोत बापडे. माझा हात त्या नावाला वळत नाही. इकडे सगळे मजेत. मक्याची पेरणी उरकली.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी दरवर्षीसारख्या घरच्यांच्या कबरी फुलांनी सजवायच्या आहेत. तू येशील का, असं आई विचारते. म्हणून हे पत्र. नाहीतर माझं काही अडलं नव्हतं.

तुझं ते गाणं इथे दुकानादुकानात वाजतं. अनवाणी पोर, पिठाच्या पोत्याचा फ्रॉक आणि डोंगरावर आईची कबर. फ्रॉक खरा, माझ्याच अंगावरचा उतरलेला. अनवाणी पाय खरे. एवढी गरिबी पुरली नाही का गं, म्हणून धडधाकट आई मारलीस? तुझ्या मॅनेजरला म्हणे गाण्यात एक मढं हवं होतं. मग बाबा चालले नसते? ते बिचारे खाणीत खोकून खोकून खरेच गेले होते.

गेल्या उन्हाळ्यात तुझे भक्त मोटारी भरभरून आले, प्लास्टिकची फुलं घेऊन. कबर कुठे म्हणून विचारलं कोणाला? आईलाच. तिने त्यांना ताक आणि मक्याची भाकरी दिली आणि आजीच्या दगडाकडे बोट दाखवलं. आजीचं आणि आईचं नाव एकच, ऑटी, त्यामुळे खपून गेलं. बाया तिथे हुंदके देत होत्या आणि ही मागे हात बांधून उभी. मी एकीला खरं सांगायला निघाले, तर आईने माझा दंड असा धरला की वळ उठला. "पोरीचं पोट आहे त्यावर," म्हणाली.

वर मजेत लिहिलं ते रीत म्हणून. फेब्रुवारीपासून तिला अन्न जात नाही. डॉक्टरने पोट चाचपलं आणि मला अंगणात बोलावलं. काय ते समज.

काल अंथरुणातून म्हणाली, "तिला लिही, त्या दिवशी बाहेरचे लोक असले तर मी आतल्या खोलीत राहीन. कुणाला दिसणार नाही. तिचं गाणं खोटं पडायला नको. फक्त येऊन जा म्हणावं."

म्हणजे तुझ्यासाठी ही बाई जिवंतपणी लपायला तयार आहे. मला तुझी किळस येते, ओर्फा. तरी ये. तुझं तोंड रंगवलेली ती बस आणू नकोस, गिटारही नको. आपल्या चर्चच्या लोकांत भजनाला वाद्य चालत नाही. नुसती तिच्या उशाशी बसून गा.

रेंगाळलीस तर तुझं गाणं आपोआप खरं होईल. मग ते तुला गाता येतं का, ते मी रेडिओवर ऐकेन.

तुझ्या गाण्यात कुठेच नसलेली,
तुझी थोरली बहीण
व्हर्नी