कानातला आवाज

३ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. शरीराच्या आतले फोटो कॉम्प्युटरला वाचायला शिकवायचे, हे आमचं इथलं शिक्षण. त्यासाठी एमआरआयचं मशीनही चालवता आलं पाहिजे, आणि सरावाला कुणातरी धडधाकट माणसाला आत झोपावं लागतं. आम्ही विद्यार्थीच आळीपाळीने झोपतो. आत नुसता ठणठणाट! सगळे नाकं मुरडतात, मग मीच सगळ्यांच्या वाटची झोपते. माझं नाव ‘पेशंट’ पडलंय. तुझी भिंगरी अर्धा अर्धा तास हलत नाही, खरं वाटतं का तुला?

खरं कारण तुला म्हणून सांगते. कानाला हेडफोन लावतात आणि बाहेरून टेक्निशियन ताई मधूनमधून विचारतात, बरी आहेस ना म्हणून. दिवसभरात मला एवढंच कुणी विचारतं.

तू इथे राहायला ये ना. पुन्हा विचारतेय.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी भिंगरी

१९ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग हसू गेलं. कुणाच्या वाटची झोपू नकोस उगाच. वेळेवर जेवतेस ना? माझं इथे झकास चाललंय. मी यायचं मात्र डोक्यातून काढ. परक्या गावात बहिरी बाई म्हणजे तुझ्या गळ्यात लोढणं. आणि शिक्षण अर्धवट टाकून आलीस तर माझ्याशी गाठ आहे.

पत्र टाकत जा, माया आहेच.
आत्या

११ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

ताईंची बदली झाली. आता सीनियर मुलांनी केलेला एक बोलका प्रोग्राम हेडफोनमधून विचारतो. काल त्याने विचारलं, बरं वाटतंय ना? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, ‘छान. आता हलू नका.’

मला रडू आवरेना. फोटो सगळे फिसकटले. मॅडमना मी खोकला आला म्हणून सांगितलं, तर त्या खूशच झाल्या. हललेले फोटो ओळखायला कॉम्प्युटरला शिकवायचंय, त्याला असेच लागतात म्हणे. माझा फोटो वर्गात मोठ्या पडद्यावर लावला. कुठे काय बिघडलंय ते सगळ्यांनी बोट ठेवून दाखवलं. का बिघडलं, ते कुणी विचारलं नाही.

आत्या, मला हे सोडून यायचंय. रागावू नकोस.

तुझी भिंगरी

२० जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

झकास चाललंय हे मी खोटं लिहिलं होतं. इथेही येणारे-जाणारे विचारतात, बरं आहे ना म्हणून. मला ऐकू येत नाही. ओठ हलले की मी मान डोलावते, ते पुढे निघून जातात. तो तुझा प्रोग्राम आणि मी, एकाच माळेचे मणी.

पण तुझं ‘नाही’ मला ऐकू आलं.

शनिवारी सकाळी पोचते. सोडायचं की राहायचं ते तिथे बसून ठरवू. स्टेशनवर लांबून हाका मारू नकोस, समोर येऊन उभी राहा. मला काय विचारायचं ते तोंडासमोर विचार. आणि मी नुसतीच मान डोलावली, तर पुन्हा विचार.

बाकीची माया सोबत आणतेय.
आत्या