काचेवरचं शाईचं वर्तुळ

११ मे १९९८, सोमवार

वेलिस्लावने माझा तारा चोरला!

सकाळी फॅक्सवर सूचनापत्र आलं. जगभरच्या वेधशाळांना गेलंय ते. देवयानी दीर्घिकेत गेल्या सप्टेंबरात जो तारा भडकला, तोच १९८१ सालीही भडकला होता — सोळा वर्षांत दोनदा! शोध : वेलिस्लाव कान्चेव. एकटा. आणि खाली, 'जुन्या काचेवरचा हा स्फोट आजवर कुणाच्याही लक्षात आला नव्हता.'

कुणाच्याही! म्हणजे मी कुणी नाहीच.

वेधशाळेच्या स्वयंपाकघरातून सेवदामावशीने हाक मारली, "नेवेना, पातातनिक तव्यावरून काढलाय, ये गरम गरम." नको म्हटलं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मी मावशीच्या बटाट्यांना नाही म्हटलं.

१२ मे

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

फेब्रुवारीत जुन्या फोटोंच्या काचा चाळत होते. १९८१च्या एका काचेवर ठिपका दिसला, आदल्या वर्षीच्या काचेवर तो नव्हता. जागा ओळखीची वाटली. सप्टेंबरातला नवतारा तिथेच तर होता! आमच्या रीतीप्रमाणे काचेच्या कोऱ्या बाजूला शाईचं वर्तुळ काढलं, शेजारी माझं नाव आणि तारीख. आणि पहिली धावले ती वेलोकडे.

त्याच्या कॉफीच्या कपाशेजारी बसून मीच त्याला कागदावर सगळं मांडून दिलं. आकसलेला श्वेत बटू शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढत राहतो, थर साठतो, स्फोट होतो. एरवी थर साठायला हजारो वर्षं लागतात. सोळा वर्षांत पुन्हा, म्हणजे बटू भयंकर जड असणार, त्याला थोडासा थरही पुरतो. असे तारे फार विरळा. वेलो टाळी वाजवून म्हणाला होता, "नेवे, सोनं सापडलंय तुला!"

तुला म्हणाला होता. तुला!

एप्रिलमध्ये म्हणाला, "जर्मन लोक काचा संगणकात उतरवायला येतायत. शाई सगळी पुसून ठेव." मी स्पिरिटचा बोळा घेऊन दोनशे चौदा काचा पुसल्या. माझं वर्तुळही पुसलं, माझ्या हाताने. एवढी मूर्ख मीच असू शकते. केसाने गळा कापला माझा, आणि केसही मीच आणून दिला.

१४ मे

गेले त्याच्या खोलीत. दार लोटलं नाही, उघडंच ठेवलं. ऐकू दे सगळ्यांना.

"अगं, तुझी डॉक्टरेट नाही नेवे. बाहेरचे लोक आधी नाव बघतात. तुझं नाव घातलं असतं तर चार महिने शंका काढत बसले असते."

"आणि 'कुणाच्याही लक्षात आला नव्हता'? ते कशाला घातलंस?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. "तसं लिहायची पद्धत असते गं."

"वेलो, तुझ्या लग्नाची कुमा मी आहे! तुझ्या आणि राद्काच्या डोक्यावर मुकुट मी धरलाय. या डोंगरात कुमाचं नातं सख्ख्या बहिणीच्याही वर मानतात. तिला फसवायचीही पद्धत असते का?"

 लाल झाला आणि टेबलावरचे कागद सारखे करायला लागला. मला वाटलं होतं, निदान भांडेल तरी.

१५ मे

सेवदामावशी म्हणाली, "लांब बस बाई चुलीपासून. तुझ्या तोंडाकडे बघून दूध नासेल माझं."

१९ मे, मंगळवार

ठरलं. त्याने माझी फेब्रुवारीतली ताऱ्याची कच्ची जागा जशीच्या तशी उतरवलीय. मी पक्की मोजते. इतकी बारीक की ज्याला कळतं त्याला कळेल, हा तारा कुणाचा आहे ते. सकाळपासून मोजणीयंत्रावर काच लावून बसलेय.

२० मे

दोन आहेत.

पाच वेळा मोजलं. वर्तुळाची शाई जाड होती. तिच्याखाली तीन मंद तारे दडले होते, म्हणून तेव्हा मी लांबच्या ताऱ्यांवरून जागा धरली होती. आता काच स्वच्छ आहे, तिन्ही तारे दिसतात, जागा पक्की मिळते. १९८१चा ठिपका एका जागी, सप्टेंबरचा तिथून जरा बाजूला. अंतर चिमुकलं, पण चुकून येणारं नाही. दोन वेगळे तारे, एकेकदाच भडकलेले! दीर्घिकेच्या मध्याशी गर्दीच एवढी की एकावर एक वाटावेत. जड बटू नाही, सोळा वर्षं नाहीत, काहीच नाही.

वेलोने माझी चूक चोरलीय!

हसू आलं, थांबेना. मग रडले. कशासाठी, ते मलाही सांगता येणार नाही. माझा तारा असा नव्हताच कधी.

२४ मे, रविवार

आज अक्षरांचा, म्हणजे आमच्या लिपीचा सण. खाली गावात पोरंटोरं पुष्पमाळा घेऊन मिरवली. वर्तमानपत्रात वेलोचा फोटो आलाय, नवा सूट घालून. शनिवारी वार्नाच्या परिषदेत सगळ्यांसमोर बोलणार. बोलू दे. कुणीतरी कधीतरी मोजेलच, तेव्हा दिसेल सूट कसा बसतो ते.

सांगायला हवं, हे मला कळतं. सांगावंसं वाटत नाही.

२६ मे

स्वतःच आला. बागेतल्या चेरी घेऊन. कागदाची पुडी माझ्या टेबलावर ठेवली आणि उभाच राहिला.

"तू पुन्हा मोजतेयस असं ऐकलं. काही वेगळं निघालं का?"

मी चेरीची देठं काढत बसले.

"नेवे, मी नालायकपणा केलाय, माहितेय मला. पण तुझ्या डोळ्यावर माझा जेवढा विश्वास आहे तेवढा माझ्यावरही नाही. तू नाही म्हण, आज संध्याकाळी मागे घेतो सगळं. राद्काची शपथ."

त्याच्याकडे बघितलं. खरंच घेतला असता मागे.

म्हटलं, "एकच तारा आहे. जा, बोल बिनधास्त."

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. "कुमा," म्हणाला फक्त. मी दुसऱ्या हाताने एक चेरी तोंडात टाकली.

३० मे, शनिवार

एव्हाना बोलला असेल. पातातनिक दोनदा वाढून घेतला. मावशी खूश.

२ जून, मंगळवार

गावात टपाल घ्यायला गेले. पाकीट हातात पडतं न पडतं तोच हुतात्म्यांसाठी दरवर्षीचा बाराचा भोंगा झाला. रस्त्यात जो तो जिथल्या तिथे उभा. मीही उभी, पाकिटावर वार्नाचा शिक्का बघत.

भोंगा थांबल्यावर फोडलं. आत परिषदेत वाचलेला निबंध. वरती नाव एकच — नेवेना दिमोवा. बरोबर वेलोची चिठ्ठी : "तुझ्याच नावाने वाचला, माझं काढून टाकलंय. सूचनापत्रही दुरुस्त करून पाठवलं. उभं राहून टाळ्या वाजवल्या लोकांनी. आता ज्याला काही विचारायचंय त्याला नेवेनाच उत्तर देईल, असं सांगून आलोय."