दहाच्या नोटेवरची बाई

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र आणि सोबतचा बँकेचा फॉर्म मंगळवारी मिळाला. चार दिवस पाकीट फ्रिजवर तसंच पडून होतं. आज उघडलं, वाचलं आणि उठून साबणाने हात धुतले. तू म्हणशील, ताईची जुनी खोड. माझ्या निरोप समारंभात तू भाषण ठोकलंस, 'ताईचे हात बघा, धुऊन धुऊन रेषा गेल्या, आता ज्योतिष्यालाही काही सांगता यायचं नाही!' सगळे हसले, मीही हसले. पण बाबा रे, छत्तीस वर्षं त्याच बँकेत मळक्या नोटांच्या विभागात काढली असतीस तर तुझीही तीच गत झाली असती.

तुम्हा लोकांना नोट म्हणजे पाकिटातली कडक घडी. मी तिची शेवटची अवस्था बघितलीय. पोती भरभरून यायच्या. मासळी, घाम, दारू, औषध, सगळ्याचा मिळून एकच वास. थुंकी लावून लावून कोपरे काळे झालेले. कुणी मोज्यात ठेवलेल्या, कुणी पोटाशी बांधलेल्या. एका गड्डीत वाळलेलं रक्त निघालं, तर साहेब म्हणाले, "बाई, वास नका घेऊ, नंबर बघा." ती धूळ नाकातोंडात जायची, डब्यातला घाससुद्धा तसाच लागायचा. चालण्याजोग्या एकीकडे ठेवायच्या, बाद झालेल्यांना मधोमध भोक पाडायचं. आणि दहाच्या नोटेवर मधोमध आई होती.

तुला तिचा केवढा अभिमान! शाळेत नोट नाचवत 'ही माझी आई' म्हणून सांगत सुटायचास. मला तो इतिहास पाठ आहे, कारण बाबा जेवताना तोच सांगायचे. ते सरकारी छापखान्यात कोरीवकाम करायचे. राजाची सत्ता गेली तेव्हा नव्या नोटा छापायला सवड नव्हती, म्हणून जुन्याच नोटांवर राजाच्या तोंडावर काळा शिक्का मारून त्या चालवल्या. लोक त्यांना 'काळतोंड्या' म्हणायचे. मग ठरलं, राजेबिजे पुरे, आता कष्टकरी माणसं हवीत. शंभरावर गोदीकामगार, दहावर कापणी करणारी बाई. चार कारागिरांतून बाबांनी कोरलेली छपाईची पाटी निवडली गेली. मान जराशी झुकलेली, कवेत कणसांची पेंढी. वर्तमानपत्रांनी लिहिलं, काय ही शांत, तृप्त नजर! पुढे महागाईने कहर केला, सरकारने दोन शून्यं कापली, हजाराचे दहा झाले. पण नवी पाटी कोरायला पैसा कुठे होता? आई तशीच राहिली. आधी तिच्यात आठवड्याचा किराणा यायचा, शेवटी शेवटी एक काडेपेटी.

आईला बाबांनी काहीच सांगितलं नव्हतं, हे तुला माहीत नाही. मी आठ वर्षांची होते, तिचा पदर धरून किराणा दुकानात उभी. दुकानदाराने मोड म्हणून कोरी करकरीत दहाची नोट दिली. आई ती उलटसुलट करून बघत राहिली. "खोटी नाही हो वहिनी, नवीन आलीय," तो म्हणाला. आई तिथेच गल्ल्यासमोर ओकली. बिचाऱ्याने त्यावर लाकडाचा भुसा टाकला, पाणी दिलं. तोंड पुसून ती एवढंच म्हणाली, "मला पाचाच्या दोन द्या." त्यानंतर जन्मभर तिने दहाची नोट हातात धरली नाही. बाजारात तिचं नावच पडलं, 'चिल्लरवाल्या वहिनी'. आपल्याला वाटायचं, विक्षिप्त आहे.

आणि मी? मी रोज तिला हातात घ्यायचे. मिशा काढलेली आई. कपाळावर फोन नंबर लिहिलेली. नाचणारीवर उधळून मग बुटाखाली आलेली. मी भोक पाडायचे, संध्याकाळी घरी येऊन तिच्यासमोर जेवायला बसायचे. बाबांना कधी जाब विचारला नाही. आपलं घर, तुझं कॉलेज, सगळं त्या पाटीतून आलं होतं ना!

आता बँकेला नोटेच्या साठ वर्षांनिमित्त चांदीचं नाणं काढायचंय आणि वारस म्हणून आपल्या दोघांच्या सह्या हव्यात. 'आई अमर होईल,' असं तू लिहिलंयस. म्हणून आज सांगते. तुझ्या आधी आपल्याला एक बहीण होती. पाच महिन्यांची. तापात गेली. चौथ्या दिवशी आई तिचं दुपटं कवेत घेऊन खिडकीशी बसली होती, आणि बाबा कागद-पेन्सिल घेऊन आले. उजेड पुरेना म्हणून त्यांनी मला पडदा बाजूला धरायला लावलं. "हलू नकोस, अशीच बसू दे तिला." तासभर धरला मी, हाताला मुंग्या आल्या. आईने आमच्याकडे बघितलंही नाही. दुपट्याची पेंढी त्यांनी नंतर केली. मला शाबासकी मिळाली, आणि मी खूशही झाले होते रे. तीच शिसारी हाताची जात नाही. शेवटच्या आजारपणात आईने विचारलं, "तू होतीस ना तिथे?" मी नाही म्हणाले. फॉर्म परत पाठवतेय. सहीच्या जागी 'हरकत आहे' असं लिहिलंय. तिला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. चीड आली तर येऊ दे, पण एकदा घरी ये. नाण्याबद्दल बोलू नकोस. छोटीबद्दल विचार. ती दिसायला कशी होती, ते सांगू शकेल असं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

तुझीच,
ताई