चढावरचा दुसरा गिअर

बाबा, तुमची फटफटी मी देऊन टाकली. यवतमाळातच एक मुलगा आहे, जुन्या गाड्या पुन्हा चालत्या करायचा नाद आहे त्याला. तो टेम्पो घेऊन आला, दोघातिघांनी उचलून ती वर चढवली आणि गेले. पडवीतली ती जागा रिकामी झाली की मला काहीतरी होईल असं वाटलं होतं. काही झालं नाही. खाली तेलाचा डाग होता तो सोडा टाकून घासला, निघाला नाही, मग त्यावर कोरफडीची कुंडी सरकवली आणि आत येऊन चहा केला. जाताना त्या मुलानं विचारलं होतं, "आजी, हिच्यात काही खोट होती का?" माझ्या तोंडून विचार न करताच निघून गेलं, "दुसरा गिअर टिकत नाही. चढावर धरून ठेवावा लागतो." इतक्या वर्षांनी, अगदी तुमच्याच सुरात.

ती आपल्याकडे आली कशी हे तुम्हाला काय सांगायचं, पण माझ्या डोक्यात सगळं तिथूनच सुरू होतं. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच हंगामात दिग्रसच्या कापसाच्या जिनात तुमच्या उजव्या हाताची मधली बोटं सरकी काढायच्या यंत्राच्या रुळात गेली. अंगठा आणि करंगळी उरली. फिटरकी संपली. शेठनं तुम्हाला काढलं नाही, कापूस मोजायच्या काट्यावर बसवलं, आणि वर मागच्या शेडमध्ये बोऱ्यांखाली पडलेली, कुणा गोऱ्या साहेबानं जाताना टाकून दिलेली ही फटफटी तुम्हाला बक्षीस दिली. गाव म्हणालं, शेठ मोठा दिलदार. आई तेवढी म्हणाली, "बोटं गेली अन् हे लोखंड आलं." तुम्ही चाकाच्या आऱ्या पुसत होतात, डाव्या हातानं.

हिचा गिअर पायाचा नव्हता, हाताचा होता. टाकीच्या उजव्या अंगाला एक दांडा, दांड्याच्या टोकाला काळा गोळा, आणि दांडा जिच्यात फिरतो त्या पट्टीला तीन खाचा. ॲक्सिलेटर उजव्या हातात आणि गिअरही त्याच हातानं टाकायचा. सपाटीवर तुम्ही तळव्यानं दांडा ठोकून भागवत होतात. पण नाला ओलांडला की दिग्रसच्या रस्त्याला तो चढ लागायचा. तिथे दुसरा गिअर खाचेतून उडायचा, इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी मागे यायला लागायची. चांगल्या हाताच्या माणसानं एका हातानं दोन्ही कसंबसं सांभाळलं असतं. तुम्हाला ते जमणारं नव्हतं. पहिल्यात चढवली तर इंजिन तापून बंद पडतं, असं तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

सुटीच्या दिवशी तुम्ही ती कडुनिंबाखाली उभी करता, आणि मी शेजारी बसून नट खोलायचे पाने पुसते. हे अजून डोळ्यांसमोर आहे म्हणून असं लिहिते. तुम्ही म्हणता, "गेरची पेटी उघडाची घाई नाही कराची. आधी भाईरचं सारं पाह्याचं." क्लचची तार ढिली आहे का पाहता, ती ताणता. तेल काढून बोटावर चोळता, उन्हात धरून त्यात लोखंडाचा चुरा चमकतो का ते बघता. पट्टीच्या खाचा कानसीनं साफ करता. मग मला टाकीवर बसवून चढाकडे नेता, आणि गिअर पुन्हा उडतो. शेवटी एकदा घरी येऊन तुम्ही मोठेबाबांना सांगितलंत की आतले दात झिजले, आणि सामान आता विलायतेतून येत नाही. थोरल्या भावापुढे तुम्ही कधी मान वर केली नाहीत, पण त्या दिवशी सरळ त्यांच्याकडे बघून बोललात.

माझी चौथी झाली ते हेच दिवस. आपल्या गावात शाळा तिथेच संपत होती. मोठेबाबा जेवता जेवता म्हणाले, "झाली शिकून पोरगी. आता मायसंगं निंदाले जाईन."

"जाईन ना," तुम्ही भाकरी मोडत म्हणालात. "पन मले सकायी चढावर गेर धराले कोनी तरी लागते."

"मंग गडी ने."

"गड्याच्या वजनानं गाडी चढत नाही, दादा. पोरगी हलकी हाय."

"अन् दिवसभर काय करन ते तिथं?"

"तेच तं. जिनात कापसात बसवता येत नाही तिले. शायेत बसन संध्याकायलोक."

मोठेबाबांनी घास चावत मान डोलावली. त्यांच्या दोन्ही मुलांना औतातून मोकळं करण्यापेक्षा मी गेलेली त्यांना परवडणार होती. आईनं चुलीकडून न वळता, न विचारता, तुमच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. शाळेत जायचं की नाही हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं ते आता मला सांगता येणार नाही, पण त्या रात्री मी पाटी उशाशी घेऊन झोपले होते.

मग रोजचंच झालं. टाकीवर गोणपाटाच्या बोरीची घडी, तिच्यावर मी, दोन्ही बाजूंनी तुमचे हात. परकराला पेट्रोलचा वास, तो वर्गात मुलींना यायचा आणि त्या सरकून बसायच्या. नाला आला की तुम्ही म्हणायचात, "धर." वर पोचलो की, "सोड." रस्त्यावर याहून जास्त बोललेलं मला आठवत नाही. बाकीच्या पोरींचे बाप त्यांच्याशी काय बोलत होते कोण जाणे. माझ्या तळव्याला त्या गोळ्याची गोल खूण पडायची आणि पहिल्या तासापर्यंत तशीच राहायची. मला ती आवडायची, हे आज सांगून टाकते.

आठवीत गेले तेव्हा गावात कुजबूज सुरू झाली की एवढी मोठी पोरगी टाकीवर बसते. मोठेबाबांनी मनावर घेतलं. "गेर खरंच उडते का बहाना हाय, मी सोता पाह्यतो," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी फेटा बांधून मागच्या कॅरिअरवर येऊन बसले. मी पुढे, तुम्ही मध्ये, ते मागे. तुमचा श्वास माझ्या केसांना लागत होता, रोजच्यापेक्षा जोरात. गिअर उडाला नाही तर उद्यापासून माझ्या हातात विळा येणार हे तिघांनाही ठाऊक होतं. चढाच्या मध्यावर तुम्ही म्हणालात, "दादा, पाहा आता. सोड वं बाई."

मी सोडला. क्षणभर इंजिन दबलं, मग खाट्‌कन आवाज झाला, दांडा खाचेबाहेर आला आणि गाडी मागे घसरायला लागली. तुम्ही ब्रेक दाबलात तरी ती सरकतच होती. मोठेबाबांची एक वहाण नाल्यात गेली. "धर वं! धर, माय माही, सोडू नोको!" ते तुमच्या पाठीला मिठी मारून ओरडत होते. मी दांडा खाचेत दाबून धरला आणि आपण वर गेलो. घरी आल्यावर त्यांनी आईला सांगितलं की पोरीनं जीव वाचवला. तेव्हापासून माझ्यावर त्यांचा लोभच जडला. कुणी बोललं की तेच अंगावर जात, "तिच्याबिगर गाडी चढत नाही." पुढे मी मागे बसायला लागले आणि तुमच्या कमरेवरून हात घालून दांडा धरायला लागले, तेही त्यांनीच सुचवलं. मी मॅट्रिक झाले ती त्यांच्या हुकमानं झाले असं म्हटलं तरी चालेल. मास्तरीण व्हायला यवतमाळला जायचं निघालं तेव्हाही त्यांनीच होकार दिला. ज्या पोरीनं चढावर आपल्याला मरू दिलं नाही तिला नाही कसं म्हणायचं.

मी गेल्यावर त्यांनी तुम्हाला एकदाच विचारलं, आता गेर कोण धरतं. तुम्ही म्हणालात, "कोनी नाही. उतरून ढकलतो." आणि तुम्ही खरोखरच ढकलायला लागलात. चढाच्या कडेला मोठेबाबांचं शेत होतं, ते सकाळी धुऱ्यावर, बांधावर उभे असायचे. मी दिवाळीला घरी आले तेव्हा आईनं हे चुलीपाशी हळू आवाजात सांगितलं. "रोज उतरतेत अन् ढकलतेत. पोटऱ्या तेलानं चोळून देतो मी. म्हनलं, पोरीले वापस आनू का, तं माह्यावर वसकले." मी ऐकलं आणि पुढ्यातला चिवडा खात राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही निघालात, मी दारात उभी होते. तुम्ही म्हणालात, "थंडी हाय, आत जाय." मी आत गेले.

तुम्ही गेलात त्या उन्हाळ्यात मी परीक्षेचे पेपर तपासत होते. निरोप आला, मी हातातला पेपर पुरा तपासून ठेवला आणि एसटी पकडली. लोक म्हणाले, पोरगी रडली नाही. रडू आलं नाही हे खरं. फटफटी कडुनिंबाखाली होती, तिची टाकी उन्हानं तापली होती, मी हात लावून लगेच काढून घेतला. पुढे वाटण्या झाल्या तेव्हा कुणालाच ती नको होती, म्हणून माझ्याकडे आली आणि पडवीत उभी राहिली.

आता त्या मुलाचे फोन येतात. आधी त्यानं बाहेरचं सगळं पाहिलं, तार, तेल, खाचा, अगदी तुमच्या क्रमानं. मग तो म्हणाला, "आजी, या गाडीत साखळी ताणायला पेटीच मागे सरकवतात. पेटी सरकली की दांड्यापासून पेटीपर्यंतची सळई आखूड पडते. मग वरून दांडा खाचेत बसलेला दिसतो, पण आत गिअर अर्धाच पडलेला असतो, म्हणून उडतो. मला वाटलं तेच असेल. पण कुणीतरी सळईची लांबी बरोबर जुळवून नट आवळून ठेवलाय. त्यावर गंज चढलाय, म्हणजे खूप जुनं काम आहे." मी हं म्हटलं. मग त्यानं पेटीही उघडली. काल त्याचा फोन आला, आतले दात शाबूत आहेत, त्यानं गाडी चढावर नेऊन पाहिली, दुसरा गिअर खाचेतून हलत नाही. "तुम्हाला नक्की आठवतं ना?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "नीट बघ. माझे वडील फिटर होते. ते म्हणाले टिकत नाही, म्हणजे टिकत नाही." तो बिचारा पुन्हा खोलायला बसला असेल. त्याला एका वाक्यात मोकळं करता येईल. पण परक्या माणसाच्या कानात तुमचा शब्द खोटा पाडणं मला जमत नाही.

सळई तुम्ही केव्हा जुळवलीत हे मला माहीत नाही. मला न घेता, एखाद्या सुटीच्या दिवशी, डाव्या हातानं. तुम्हाला वाटत असेल ते फक्त तुम्हालाच ठाऊक होतं. तर बाबा, हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी मी टाकीवर होते आणि मोठेबाबा तुमच्या पाठीमागे होते, त्यांना दिसणं शक्य नव्हतं. "सोड" म्हणून तुम्ही ॲक्सिलेटर किंचित कमी केलात आणि उजव्या गुडघ्यानं दांडा ढकललात. तुमचा गुडघा मी पाहिला होता. त्यानंतर मॅट्रिकपर्यंत रोज, न उडणारा गिअर मी तसाच घट्ट धरून ठेवला.