माझ्या बाजूचा प्लॉट

प्रिय प्रेरणा,

आधी बातमी ऐक! आपल्याला नवं गावठाण मिळालं. नदीपासून दोन किलोमीटर वर, माळावर. काल ईश्वरचिठ्ठ्या निघाल्या आणि अख्ख्या गावाची खिचडी झाली. आपल्या गल्लीतली सात घरं सात टोकांना! रामरावांना तर सडकेला लागून प्लॉट आला. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला लॉटरी लागली. म्हातारा मात्र रुसून बसला. म्हणाला, "सडक भेटली त काय झालं? सकायी उठून तोंड कोनाचं पाहू?"

मग जी धांदल उडाली! साहेबांनी आपसात बदलायला परवानगी दिली आणि भर उन्हात सगळे चिठ्ठ्या फडकवत आपापला शेजारी शोधत हिंडू लागले. गेल्या जुलैत पुरात पळालो, तेव्हा जो तो आपल्यापुरता पळाला. काल मात्र प्रत्येक जण दुसऱ्याला हाका मारत होता. ओरडून ओरडून माझा गळा बसलाय. संध्याकाळपर्यंत गल्ली जशीच्या तशी जुळली, फक्त तुमचं घर सोडून.

तुम्ही लोहाऱ्याला, म्हणून अमरभाऊंची चिठ्ठी तलाठ्याने काढली. प्लॉट निघाला पार कोपऱ्यात. माझ्या बाजूचा देवसिंगला आलाय, तो तुमच्याशी बदलायला राजी आहे. पण सोमवारी पाचच्या आत आर्णीच्या तहसीलमध्ये सही हवी, नाहीतर यादीतून नावच जाईल. लोहाऱ्यात कंपनीत काम आहे, खोलीत नळ आहे, सगळं ऐकून आहे. तू कामासाठी गेलीस असं गाव म्हणतं. मीही तसंच सांगते.

पण खरं इतके दिवस आपल्या दोघींनाच ठाऊक होतं. त्या सकाळी अंगणात पाणी शिरलं आणि मी लेकीला उचलून टेकडीकडे धावले. तुझं दार वाटेतच होतं. अमरभाऊ बाहेरगावी, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, हे मला माहीत होतं. तरी मी दार वाजवलं नाही. तू त्यांना पाठीवर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून वर आलीस, माझ्याजवळच बसलीस आणि एक शब्द बोलली नाहीस. अजूनही नाही. माझं चुकलं, प्रेरणा. हे लिहायला मला दहा महिने लागले. माझ्या शेजारी राहावंसं वाटत नसेल, तर विमलताई गल्लीच्या दुसऱ्या टोकाचा आपला प्लॉट द्यायला तयार आहेत. त्यांनी कारण विचारलं, मी सगळं सांगितलं. दोन्ही कागद लिहून ठेवलेत. हव्या त्यावर सही कर, पण सोमवारी ये.

तुझीच, शेजारीण म्हणायचं की नाही ते तू ठरव,
दिपाली