माझ्या मांडीतल्या प्लेटची व्यवस्था

मी, परशुराम लक्ष्मण मिराशी, वय ६३, राहणार कुंभारवाडा, तालुका जोयडा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. बिघाड आहे तो उजव्या मांडीत.

१. आम्हाला मूलबाळ नाही. राहते घर धाकटा भाऊ येसाजी याला.

२. शेजारी लखू याने अकरा वर्षे जखमेवर मुळ्यांचे काढे दिले. सर्व बाटल्या त्याला परत. काही भरलेल्याच आहेत.

३. लाकडाच्या गाडीवरून पडल्यावर १९८२ साली मांडीत लोखंडी प्लेट बसवली. तेव्हापासून पू थांबलेला नाही. बेळगावच्या डॉ. तारा केरकर अशाच हट्टी जखमांवर संशोधन करतात. त्या म्हणाल्या, जंतू प्लेटवर चिकट थर करून आत बसतात, औषध वरून निघून जाते. माझी पत्नी सुंदरी लगेच म्हणाली, "पाटातल्या दगडावानी की वो! पाणी वतून बुळबुळ जातीया व्हय? घासाय पायजे." डॉक्टरांनी ते वहीत उतरून घेतले. हृदय कमजोर असल्याने जिवंतपणी प्लेट काढता येत नाही. सुंदरी गेल्या माघात वारली. जखम आता मीच धुतो. तिच्याइतकी जमत नाही.

४. म्हणून मेल्यावर प्लेट डॉक्टरांनी काढून न्यावी. ती अग्नी देण्याआधीच काढावी. राखेतून वेचून पाठवू नये, भाजलेले जंतू त्यांना नकोत. प्लेट ज्या डबीत ठेवतील तिच्यावर सुंदरीचे नाव घालावे. डॉक्टरांची बस चुकली तर दुसऱ्या बसपर्यंत मला ठेवावे. मला घाई नसेल.

५. पाटाखालचे भातशेत येसाजीला, पण डॉक्टरांची लेखी पोच आल्यावरच. नाही तर शेत देवळाला. तिथल्या पंचांशी त्याचे बोलणे बंद आहे, हे मला ठाऊक आहे.

६. वरची कलमे आज येसाजीला वाचून दाखवली. प्लेट काढण्याच्या कलमावर तो भडकला. "दादा, अपुऱ्या अंगानं वर गेलास तर वैनी वळखंल का तुला?"

"वासावरनं वळखंल," मी म्हणालो.

तो हसला नाही. उंबऱ्यावर जाऊन बसला. मग म्हणाला, "काढू दे. पण म्या बघणार न्हाई."

त्याने भिंतीकडे तोंड करून उभे राहावे. तेवढी सूट देतो. मात्र खोली सोडून जाऊ नये.

वरील मजकूर वाचून, कोणाच्या दडपणाशिवाय सही केली.

परशुराम लक्ष्मण मिराशी

आमच्यासमोर सही झाली:
दत्तात्रय सावंत, शिक्षक, नंदिगड्डे
वासू वेळीप, शेतकरी, दिग्गी

कुंभारवाडा, १४ नोव्हेंबर १९९३