ट्रॉलीला दिवा नव्हता

१४ फेब्रुवारी

आणलं एकदाचं घरी. एक पाय दवाखान्यात ठेवून.

गाडीतून उतरवताना गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून उभ्या. एकीनं विचारलंच — "गुडघा तरी ऱ्हायला का गं?" राहिला बाई, राहिला! पेढे वाटू का?

संपत म्हणजे दिवसभर उभ्यानं वेल्डिंग करणारा माणूस. आता मोरीपर्यंत जायचं तर माझ्या खांद्यावर हात टाकतो आणि मान दुसरीकडं फिरवतो. नवऱ्याला माझी लाज वाटावी, हे काय नशीब!

१७ फेब्रुवारी

कसं झालं ते लिहूनच ठेवते. लोकांचं ऐकून ऐकून उद्या मलाच वेगळं आठवायला लागेल.

जानेवारीची दहा तारीख. संपत आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मोटरसायकलवर पाटसहून आणत होता. अंधार पडला होता. रस्त्यातच उसाची भरलेली ट्रॉली उभी. पंक्चर. मागं ना दिवा, ना लाल पट्टी. चार दगड लावले की झालं यांचं काम! समोरून गाडीचा उजेड डोळ्यावर आला आणि संपत सरळ ट्रॉलीखाली. आत्या बाजूच्या चारीत पडल्या, नुसतं खरचटलं.

ट्रॉली बापूसाहेब मामांची. आत्यांच्या सख्ख्या भावाची.

ॲम्ब्युलन्सच्या आधी मामा आले. ट्रॉली ओढून नेली, दगडसुद्धा उचलले. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? तर आत्या म्हणाल्या, "गाडी घसरली. आपली आपणच." केसपेपरवर तेच लिहिलं. पोलिसांकडं तेच गेलं.

मला खरं कळलं दवाखान्याच्या जिन्यात. आत्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, "भावावर केस कशी करू, पोरी? घरातलं घरातच मिटवायचं असतंय." मीही गप्प बसले. तेव्हा वाटलं होतं, पाय वाचेल.

५ मार्च

मामा आले होते. दुधाची किटली, डझनभर केळी. कॉटवर बसून संपतच्या डोक्यावरून हात फिरवला. "पोराला वाऱ्यावर सोडणार न्हाई मी. आपलंच रगत हाय."

चहा पिऊन गेले. किटली परत मागवली.

९ मार्च

संपत म्हणाला, पायाची बोटं खाजतात. नसलेल्या पायाची! "कुठं खाजवू, सांग की."

काय सांगू? चादरीवरूनच खाजवल्यासारखं केलं. शांत झाला जरा. मी मागच्या दारी जाऊन रडले.

२२ मार्च

पाबळहून माझा भाऊ इंद्रजीत आला आणि मला जबरदस्ती शिरूरला वकिलाकडं घेऊन गेला. करुणाताई. वयानं माझ्याएवढ्याच असतील. सगळं ऐकलं आणि आधी पेन खाली ठेवलं.

म्हणाल्या, "ताई, अपघातात दुसऱ्याची चूक असेल तर भरपाई मागणं हा हक्क आहे. भीक नाही, भांडणही नाही. ट्रॅक्टरचा विमा असेल तर पैसे विमा कंपनी देते, मामांच्या खिशातून काही जात नाही."

मी बघतच राहिले. म्हणजे जे झाकायला आम्ही एवढं खोटं बोललो, ते झाकायची गरजच नव्हती?

"पण," त्या म्हणाल्या. कागदावर ट्रॉली कुठंच नाही. आपणच घसरला म्हटल्यावर मागायचं कुणाकडं? आधी पोलिसात तक्रार हवी. मागं बसलेल्या बाईनं खरं सांगायला हवं. आणि अर्जावर खुद्द संपतची सही. सगळं सहा महिन्यांच्या आत. म्हणजे १० जुलैच्या आधी.

एसटीत इंद्रजीत बोलत होता. मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

२ एप्रिल

मोठ्या आशेनं मामांकडं गेले. म्हटलं, मामा, तुमचा रुपया जाणार नाही, कंपनी देते! विमा आहे ना?

हसले. "ट्रॅक्टरला इमा कशाला? त्यो काय मुंबईला जातोय? रानातनं कारखान्यावर, कारखान्यावरनं रानात."

संपलं.

४ एप्रिल

करुणाताईंना फोन केला. विमा नसेल तर मालकानं स्वतः द्यायचं. कोर्ट त्याच्या जमिनीवर बोजा चढवू शकतं. जमीन भरपूर आहे मामांची, कालव्याखालची.

आता मामा कशाला खरं बोलतील? आणि आत्या तरी?

१३ एप्रिल

आत्यांच्या माहेरची यात्रा. मामा गाडी घेऊन न्यायला आले. गेल्या! नवीन लुगडं नेसून, बांगड्या भरून आल्या. मी तोंड आवरलं नाही. "लेकाच्या पायाचं लुगडं का हो हे?"

आत्या मट्कन खाली बसल्या. म्हणाल्या, "मला आईबाप न्हाईत. यात्रेला न्यायला येनारं एकच मानूस हाय जगात. तुला भाऊ हाय म्हनून तोंड चालतंय तुझं."

खरं होतं ते. तरी माझा राग गेला नाही. जेवले नाही.

६ मे

ठाण्यात लेखी तक्रार दिली, माझ्या नावानं. हवालदार भला माणूस. म्हणाला, "तुम्ही तिथं नव्हता ना ताई? मग जे होते त्यांचे जबाब लागतील."

घरी येऊन संपतसमोर अर्ज ठेवला. सही कर म्हटलं. त्यानं भिंतीकडं तोंड केलं. "आई म्हनंल तसं."

आणि आई म्हणते, संपा म्हनंल तसं! मी कुठं डोकं आपटू?

२९ मे

कंपनीच्या ठेकेदारानं त्याच्या जागी दुसरा घेतला. फोनवर कळवलं. संपत "बरं बरं, चालतंय" म्हणाला, जसं काही शेजाऱ्याचंच सांगत होता.

११ जून

काही लिहावंसं वाटत नाही.

२३ जून

तीन दिवस पाबळला जाऊन आले. आई म्हणाली, दोन दिवस तरी झोप नीट. झोपले नाहीच. एक महिनासुद्धा राहिला नाही हाती. कधी कधी वाटतं, सोडून द्यावं. सगळं गाव गप्प आहे, मीच एकटी वेडी कोकलतेय. देवाला तरी डोळे आहेत का?

आल्यापासून संपत जरा बरा वाटतोय. भाकरी मागून घेतली.

२८ जून

आज घरात वीज पडली.

आत्या दळण घेऊन आल्या. गिरणीत बायांकडून ऐकलं — मामा चावडीवर सांगत होते, "भाचा पिऊन गाडी चालवत होता, मग दुसरं काय होनार?"

पिऊन! ज्यानं आयुष्यात थेंबाला बोट लावलं नाही तो!

आत्यांनी डबा खाली आदळला, पीठ सांडलं. "पाय गेला ते मी सोसलं. भावासाठी सोसलं. आता माझ्या लेकाचं नावबी घालवतोय मुडदा? चल उद्या. कुठं अंगठा द्यायचा ते दाव मला."

संपत मागच्या खोलीत झोपलेला होता. आत्या माझ्या तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "त्याला न्हाई सांगायचं. दारुड्या म्हनत्यात म्हनून खचंल त्यो."

२९ जून

डोळे तपासायला जातो म्हणून दोघी निघालो. ठाण्यात मागच्या वेळचा हवालदार बंदोबस्तावर होता, दुसऱ्यानं लिहून घेतलं. आत्या उभ्याच राहिल्या, खुर्ची दिली तरी. ट्रॉली कुणाची, कुठं उभी होती, कुणी ओढून नेली, दवाखान्यात खोटं का सांगितलं — सगळं. एकदाही अडखळल्या नाहीत.

बाहेर आल्यावर पायरीवर बसल्या. "झालं. आता मला भाऊ न्हाई."

मी त्यांचा हात धरला. लग्नापासून पहिल्यांदा! येताना यवतला उतरून त्यांना उसाचा रस पाजला. अजून वेळ आहे. उद्या संपतची सही, परवा शिरूर. आज मला देव आहे असं वाटलं.

३० जून

सकाळी त्या पहिल्या हवालदाराचा फोन. "ताई, सासूबाईंचा जबाब वाचला. पण मिस्टरांचा मी आधीच घेतलाय की. मागल्या आठवड्यात, तुम्ही माहेरी होता तवा. ते म्हनत्यात ट्रॉली नव्हतीच. माझाच तोल गेला. सही हाय त्यांची. सासूबाई घरी नव्हत्या, मामा होते तिथं. आता जखमीच असं म्हनतोय म्हटल्यावर..."

पुढचं ऐकलंच नाही.

संपतसमोर जाऊन उभी राहिले. त्यानं ओळखलं. हळूच म्हणाला, "मामा म्हनला, केस झाली तर तुझ्या आयला माझ्या दारात पाय ठिवू देनार न्हाई. पाय तर गेलाच हाय, प्रतिभा. तिचं माहेर तरी राहू दे म्हटलं."

मग माझा पदर धरला. "आईला सांगू नको."

आत्या ओसरीवर त्याच्यासाठी भाकरी थापताहेत. मघाशी मला खुणेनं विचारलं, सही झाली का?